जुलैच्या उकाड्यात शिकागोच्या गगनचुंबी इमारती पाहायला जावे का?

आपला प्रश्न असा आहे की, गगनचुंबी इमारतींची ओढ आहे, पण सुट्टी फक्त जुलैमध्ये मिळते; तेव्हा भर उन्हाळ्यात शिकागोला जावे की बेत पुढे ढकलावा? माझ्या मते अवश्य जावे. उजेड, वारा आणि उष्णता यांच्याशी माणसाने कशी जुळवणी केली, हे या इमारतींच्या भिंतींवर आणि खिडक्यांवर जागोजागी दिसते आणि स्वतःला ऊन लागत असताना ते अधिक चांगले समजते. मी हे शहर उन्हाळ्यातच पाहिले आणि आजही तोच ऋतू निवडीन.

मात्र उकाड्याला कमी लेखू नये. जुलैतले सरासरी कमाल तापमान 29 अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तरी हवा दमट असते आणि अधूनमधून उष्णतेची लाट येते. जुलै 1995 मधल्या लाटेत या शहरात सातशेहून अधिक माणसे दगावली. विटा, काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात व रात्री सावकाश सोडतात, त्यामुळे दाट वस्तीत पहाटेपर्यंत पुरेसा गारवा येत नाही. म्हणून सकाळी लवकर बाहेर पडावे, बारा ते चार इमारतींच्या आत घालवावेत आणि संध्याकाळी पुन्हा चालायला निघावे. जुलैत सूर्यास्त रात्री आठनंतर होत असल्याने संध्याकाळ भरपूर मोठी मिळते.

शिकागोचे रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे सरळ आखलेले आहेत, याचा पाहणाऱ्याला मोठा उपयोग होतो. उत्तर-दक्षिण रस्त्याच्या पूर्वेकडच्या पदपथावर सकाळी उंच इमारतींची सावली असते आणि समोरच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या, इमारतींच्या दर्शनी भागावर कोवळे ऊन पडलेले असते. आपण सावलीत आणि इमारत उजेडात, अशी ही जागा आपोआप साधते. दुपारनंतर पदपथ बदलला की झाले.

एकच सकाळ हाताशी असेल, तर ती डिअरबॉर्न रस्त्याला द्यावी. तिथल्या मोनॅडनॉक इमारतीचा 1891 साली पूर्ण झालेला उत्तरेकडचा भाग विटांच्या भारवाही भिंतींवर उभा आहे; सोळा मजल्यांचे ओझे पेलण्यासाठी तळाशी या भिंती जवळपास 1.8 मीटर जाड ठेवाव्या लागल्या. अवघ्या दोन वर्षांनी जोडलेल्या दक्षिणेकडच्या भागात पोलादी सांगाडा आला. दोन्ही भाग शेजारी शेजारी पाहिले की, भिंतीवरचा भार सांगाड्याने उचलल्यामुळे काय साध्य झाले, ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. तिथून उत्तरेला चालत जाऊन स्टेट रस्त्यावरची 1895 सालची रिलायन्स इमारत पाहावी. सांगाड्यामुळे भिंत हलकी झाली आणि तिच्या जागी मोठाल्या काचा आल्या. ज्या खिडकीला शिकागोचेच नाव मिळाले, ती या काळातली: मधोमध न उघडणारे मोठे तावदान उजेडासाठी आणि दोन्ही बाजूंना उघडणारी अरुंद झडपे वाऱ्यासाठी. वातानुकूलन नसलेल्या काळात जुलैतली कचेरी कशी चालत असेल, याचे उत्तर त्या अरुंद झडपांमध्ये आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या, डिअरबॉर्न रस्त्यावरच्याच इनलँड स्टील इमारतीत मात्र झडपे नाहीत. ती पूर्ण वातानुकूलित आहे आणि तिच्या काचा कायमच्या बंद आहेत. एवढ्या छोट्या अंतरात एवढा मोठा बदल पाहायला मिळणे ही मला या शहराची सर्वांत मोठी देणगी वाटते.

दुपारसाठी रूकरी ही 1888 सालची इमारत राखून ठेवावी. काचेच्या छताखालचा तिचा अंतर्गत चौक वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी 1905 साली नव्याने सजवला. तिथे सावकाश बसावे.

उंचीचे वेड असणाऱ्याने फझलुर रहमान खान यांचे काम नीट समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. ढाक्यात जन्मलेल्या या अभियंत्याने उंच इमारतीवरचा वाऱ्याचा जोर बाहेरच्या सांगाड्यानेच पेलावा, हा विचार तडीस नेला. 1969 सालच्या जॉन हॅनकॉक सेंटरवर (2018 पासून अधिकृत नाव 875 नॉर्थ मिशिगन ॲव्हेन्यू) बाहेरून दिसणाऱ्या प्रचंड फुल्या शोभेसाठी नाहीत. वाऱ्याचा भार त्या जमिनीपर्यंत पोचवतात. 442 मीटर उंचीच्या विलिस टॉवरमध्ये, म्हणजे पूर्वीच्या सिअर्स टॉवरमध्ये, नऊ चौकोनी नळकांडी जुडीसारखी एकत्र बांधली आहेत. त्यांतली काही पन्नासाव्या, काही सहासष्टाव्या, तर काही नव्वदाव्या मजल्यावर थांबतात आणि उरलेली दोन एकशेदहाव्या मजल्यापर्यंत जातात. इमारतीचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार त्यातूनच आला आहे.

ॲक्वा टॉवर ही 2009 सालची वास्तुविशारद जीन गँग यांची रचना नदीवरून पाहावी. तिचे लाटांसारखे पुढेमागे होणारे सज्जे खालच्या खिडक्यांना सावली देतात आणि वाऱ्याचा जोरही मोडतात. नदीतल्या नौकेच्या उघड्या डेकवर सावली नसते, म्हणून सकाळची पहिली किंवा सूर्यास्ताच्या सुमाराची फेरी घ्यावी.

हॅनकॉक किंवा विलिस टॉवरच्या वरच्या, शहर पाहण्यासाठीच्या सज्ज्यावर जायचे असेल तर तिकीट आधीच काढून टाकू नये. दमट दिवसांत क्षितिज धुरकट असते आणि हॅनकॉकच्या चौऱ्याण्णवाव्या मजल्यावरूनही फारसे दिसत नाही. वादळी पाऊस पडून गेल्यावर उत्तरेचा वारा सुटला की मिशिगन सरोवर दूरवर स्वच्छ दिसते. दोहोंपैकी एकच सज्जा निवडायचा झाल्यास मी हॅनकॉकचा निवडीन, कारण तिथून सरोवराचा काठ आणि विलिस टॉवरसह शहराचा मध्यभाग एकाच नजरेत येतो.