रोही धडकून चेपलेला पत्रा घरी सरळ होतो का?

भाऊ, तुमची गाडी जुनी, विमा फक्त थर्ड पार्टी, रोही (नीलगाय) आडवा गेल्यानं पुढचा पत्रा आणि डावं मडगार्ड चेपलं. घरी जमेल का, असं विचारलंय. जमतं. दारव्ह्याकडून रात्री येताना माझ्या मारुती ८०० चीही हीच गत झाली होती.

फक्त हातोडी आधी लांब ठेवा. मी तिथूनच सुरुवात केली आणि एका पोच्याचे तीन पोचे केले. काहून, तर पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. लोखंडावर लोखंड आपटलं की तो पातळ होऊन पसरतो, मग रिकाम्या पिप्याच्या बुडासारखा टुकटुक आतबाहेर करत बसतो. जागेवर काही येत नाही.

रेडिएटरपुढची आडवी पट्टी आत गेली असेल तर ती ओढूनच काढावी लागते, तीही ज्या रेषेत मार बसला त्याच रेषेत, उलट्या दिशेनं. मी चाकांना दगड लावले, मागचा हूक शेताच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) एका कडुनिंबाला बांधला आणि विहिरीतली मोटर काढायची चेन पुली समोरच्या दुसऱ्या कडुनिंबाला. ट्रॅक्टरनं ओढू नका, त्याला हिसका कळतो, हळू कळत नाही. साखळीवर ओलं पोतं टाकायचं आणि तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. ताण धरून ठेवायचा आणि पत्र्याला पडलेल्या घडीच्या आजूबाजूला लाकडाचा ठोकळा ठेवून हलकं ठोकायचं. मग साखळी सैल करून मोजायचं, कारण पत्रा थोडा मागे जातोच.

मोजायला साधी सुतळी पुरते. बोनेटच्या बिजागरीपासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी तिरपी. माझा फरक १४ मिलिमीटरचा होता, संध्याकाळपर्यंत ३ वर आला.

मडगार्ड बोल्ट काढून खाटेवर घेतलं. आतून दोन किलोचं लोखंडी वजनमाप, बाहेरून कपडे धुवायची मोगरी (घरात यावरून बोलणी खाल्ली). पोच्याच्या कडेला उठलेला उंचवटा आधी उतरवा, खोलगट भाग बराचसा आपोआप वर येतो. मधातच ठोकत बसू नका. डोळ्याला सपाट दिसलं तरी डिझेलचा हात फिरवून ट्यूबलाइटखाली धरा. उजेडाची रेघ जिथं वाकते तिथं काम बाकी आहे. वर पुट्टी पातळच, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. प्राइमर त्याच दिवशी मारा, पावसाळ्यात तर रात्रभरही थांबू नका.

चासीच्या लांब्या पट्ट्यांना सुरकुती पडली असेल, स्टेअरिंग एकीकडे ओढत असेल, किंवा गाडीत एअरबॅग असतील, तर हा उद्योग करू नका. तिथं यवतमाळ-अमरावतीचा चांगला डेंटरच हवा. नव्या गाड्यांच्या त्या पट्ट्या गॅसनं तापवल्या तर कमजोर होतात.

आधी सुतळी लावून फरक किती येतो ते कळवा, मग कुठून ओढायचं ते सांगतो.