खुंटीला भार किती?

प्रश्न : 'जो मनुष्यावर भिस्त ठेवतो तो शापित', असं बायबलमधला संदेष्टा यिर्मया (१७:५) म्हणतो. मग कुणावर विश्वासच टाकायचा नाही का?

तसं असतं तर यिर्मया टाक्यातल्या चिखलातच मेला असता. त्याला तिथे सोडलं यरुशलेमच्या सरदारांनी आणि वर काढलं एबद-मलेख या कूशी (मिसरच्या दक्षिणेकडच्या कूश देशातल्या) सेवकानं. दोर काखेत रुतू नये म्हणून त्यानं आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या! वचनाचा उरलेला भाग वाचा: 'ज्याचं हृदय परमेश्वरापासून फिरतं.' यहूदाच्या सिद्कीया राजाच्या काळात, मिसरच्या राजावर, फारोवर भिस्त ठेवली गेली, तेव्हा हे उघड दिसलं. फारोची फौज निघाल्याचं कळताच बाबेलच्या सैन्यानं वेढा उठवला. यिर्मया म्हणाला, फारो परत जाईल आणि बाबेलचे पुन्हा येतील. इ.स.पू. ५८६च्या सुमारास शहर जळालं.

प्रश्न : संदेष्टा यशयाच्या पुस्तकात, अध्याय २२ मध्ये शेबनाला काढलं ते समजतं. पण देवानंच नेमलेला एल्याकीम का पडतो?

या अध्यायातला सगळ्यात कडवट भाग हाच. शेबना राजवाड्याचा कारभारी. उंचावर, खडकात स्वतःची कबर खोदून घेत होता. (यरुशलेमजवळच्या सिलवानमध्ये १८७० साली सापडलेला कबरीवरचा लेख त्याचाच असावा, असं अनेकांना वाटतं. 'इथे सोनं-चांदी नाही' असं त्यात कोरलंय आणि नाव मात्र अर्धंच उरलंय.) त्याच्या जागी एल्याकीम आला. दाविदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर, पक्क्या जागी ठोकलेली खुंटी. मग सगळं गणगोत त्या खुंटीला लटकलं, वाट्यांपासून सुरयांपर्यंत. आणि खुंटी निखळली. एल्याकीमचा एकही गुन्हा मजकुरात नाही. खुंटी निखळण्याचं शेवटचं वचन शेबनाबद्दल आहे, असं काही अभ्यासक मानतात. मला पटत नाही. भांडी टांगली ती एल्याकीमला.

प्रश्न : यहूदानं मिसरची (इजिप्तची) मदत मागणं ही साधी मुत्सद्देगिरी नव्हे का?

मुत्सद्देगिरी म्हणूनही ती फसलेलीच होती. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याचा अधिकारी रब्शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून हेच सांगत होता: मिसर म्हणजे मोडका बोरू, टेकाल तर हातात घुसेल. शत्रू आणि यशया इथवर एकमतानं बोलतात. रब्शाके पुढे म्हणतो, तुमच्या देवाच्या भरवशावरही राहू नका. तिथे वाटा फुटतात.

प्रश्न : मग परका पारसी राजा कोरेश देवाचा 'अभिषिक्त', म्हणजे निवडलेला, कसा?

यशया ४५ मध्ये देव त्याला हाताशी धरतो आणि 'तू मला ओळखत नसलास तरी' असं दोनदा बजावतो. काम त्याच्याकडून करून घेतलं. त्याच्यावर भिस्त ठेवा, असं लोकांना तिथे कुणीच सांगितलेलं नाही.