आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला लागलास ना, मग एवढं कर

भावा, पहिल्या सेमला सॉफ्टवेअरच्या मागं लागू नको, बहुतेक पोरं तीच चूक करतात. पाच मीटरचा टेप अन् वही घे, गावाकडच्या घराचं माळवद, भिंतीची जाडी, कोनाडे सगळं मोजून काढ, हात त्यानंच बसतो.

दुसरं, एकट्यानं डिझाइन करत बसायचं नाही, सिव्हिलच्या पोरांना कच्चा प्लॅनच दाखव. 30 सप्टेंबर 1993 ला लातूरकडच्या किल्लारीत भूकंपात काय झालं ते घरी विचार, दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड छत, माणसं पहाटे झोपेतच गाडली गेली. घर बांधणं, जमीन, लोकांची राहणी हे वेगवेगळं शिकून चालतच नाही रे.

साइटवर मे महिन्यात दुपारी जा, भिंतीला हात लावून बघ. ज्यूरीत, म्हणजे सर लोक तुझं डिझाइन तपासतात तेव्हा, बोलणी बसली तर लिहून घे. बांधकामाच्या नियमांचे कोड-बिड नंतर बघू.