सूर आणि पडदा : वाचकांचे प्रश्न

चित्रपट आणि संगीत यांच्या परस्परसंबंधाविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कोल्हापुरातून आलेल्या पत्रांत नुसते कुतूहल नव्हते, काही प्रत्यक्ष करून पाहण्याची तयारीही होती, म्हणून या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे.

आमच्या महाविद्यालयाचे चित्रपट मंडळ या हिवाळ्यात संगीत आणि चित्रपट यांच्या नात्यावर तीन दिवसांचा महोत्सव घेण्याच्या विचारात आहे. जुन्या चित्रपटगीतांचा वाद्यवृंद ठेवावा आणि मागे पडद्यावर त्या गाण्यांची दृश्ये दाखवावीत, असे बहुतेक सभासदांचे मत आहे. एवढ्याने विषय साधेल का?
— एक प्राध्यापिका, राजारामपुरी

गर्दी होईल, पण विषय साधणार नाही. वाद्यवृंदात गाणे चित्रपटातून सुटे होऊन येते आणि मागचे दृश्य केवळ शोभेपुरते उरते. आपल्या महोत्सवाचा प्रश्न मात्र असा आहे की सूर जोडल्याने चित्राचा अर्थ कसा बदलतो आणि चित्र समोर असल्याने सूर वेगळा कसा ऐकू येतो. हे प्रेक्षकाला अनुभवायचे असेल, तर त्याला गाण्याच्या आधीची आणि नंतरची दृश्ये मिळाली पाहिजेत, म्हणजेच चित्रपट पूर्ण दाखवला पाहिजे.

‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाची सुरुवातच पाहा. तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस विठ्ठलाच्या मूर्तीपुढे बसून अभंग गातात. कॅमेरा फारसा हलत नाही, स्वरांत कुठेही कसरत नाही, आणि हे काही मिनिटे निवांत चालते. त्यानंतर तोच अभंग सालोमालो हा तुकारामांचा मत्सरी प्रतिस्पर्धी देवळात जमलेल्या लोकांपुढे आपला म्हणून गातो. शब्द तेच असतात, पण गाण्याची ढब नाटकी होते आणि गाणाऱ्याचे लक्ष देवाकडे नसून ऐकणाऱ्यांकडे असते. खरा भक्त कोण आणि चोर कोण, हे सांगायला एकाही संवादाची गरज उरत नाही. यांपैकी एकच गायन सुटे करून वाद्यवृंदात सादर केले, तर त्यातला निवाडा हरवतो. केशवराव भोळे यांचे संगीत आणि दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन इथे वेगळे काढता येत नाही. हे दोघे दिग्दर्शक कोल्हापुरातच, बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले, हे आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

या विषयाला वाहिलेले महोत्सव जगात आहेत आणि त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. इटलीतील पोर्देनोने येथे १९८२ पासून मूकपटांचा महोत्सव भरतो. तिथे मूकपटांना वादक समोर बसून साथ करतात आणि तरुण वादकांना ही साथ शिकवण्याचे वर्गही होतात. बेल्जियममधील गेंट येथील चित्रपट महोत्सवाने चित्रपटसंगीताला मध्यवर्ती स्थान दिले असून तिथे २००१ पासून चित्रपटसंगीतासाठी स्वतंत्र पुरस्कार दिले जातात. दोन्ही ठिकाणी संगीतकार हा पाहुणा नसतो, तर चर्चेच्या केंद्रस्थानी असतो.

कोल्हापूरला यासाठी बाहेरून फारसे काही आणावे लागणार नाही. १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी याच गावात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला जाण्यापूर्वी तिने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट इथेच तयार केला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली होती. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा आलेली नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे स्वतः गात आणि साथीदार चौकटीच्या बाहेर, पण ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसून वाजवत. हा चित्रपट दाखवून त्यानंतर एखाद्या जाणत्या गायकाला त्यातील गायनावर बोलायला सांगितले, तर एक संध्याकाळ सार्थकी लागेल. गायन समाज देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेच्या परंपरेत कान तयार झालेले श्रोते या गावात आजही आहेत, आणि त्यांना चित्रपटाच्या प्रेक्षकांशेजारी बसवणे हेच या महोत्सवाचे खरे काम आहे असे मला वाटते.

मी भजनी मंडळात आणि संगीत नाटकांच्या प्रयोगांत पेटीची साथ करतो. एका मंडळाने मला दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाला प्रत्यक्ष साथ करण्यास सांगितले आहे. यापूर्वी मी असे कधी केलेले नाही. तयारी कशी करावी?
— एक पेटीवादक, शिवाजी पेठ

आपल्याला हे निमंत्रण आले याचा मनापासून आनंद झाला, कारण मूकपटांच्या काळात आपल्याकडील चित्रपटगृहांत पडद्याजवळ पेटी आणि तबला हीच जोडी बसत असे. आपण परके काही करणार नाही, तुटलेला धागा पुन्हा जोडणार आहात.

सर्वात आधी आयोजकांना विचारा की चित्रपट कोणत्या गतीने दाखवला जाणार आहे. मूकपटांचा कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि गती साधारणपणे सेकंदाला सोळा ते वीस चौकटींच्या (फ्रेम्सच्या) आसपास असे, तर बोलपटांची गती चोवीस चौकटींची ठरली. एक हजार फुटांचे रीळ सोळाच्या गतीने सुमारे पावणेसतरा मिनिटे चालते आणि चोवीसच्या गतीने अकरा मिनिटांत संपते. चुकीच्या गतीने माणसे पडद्यावर धावू लागतात, आणि तसा चित्रपट कितीही उत्तम वाजवले तरी गंभीर वाटत नाही. ज्या प्रतीवर सराव कराल, तीच प्रयोगाच्या दिवशी दाखवली जाईल, असे आधीच ठरवून घ्या.

मग पेटी न उघडता चित्रपट पूर्ण पाहा, आणि पुन्हा पाहताना वही घेऊन बसा. कोणते दृश्य कितव्या मिनिटाला सुरू होते, मजकुराच्या पाट्या पडद्यावर कुठे येतात आणि प्रसंगाचा रंग कुठे पालटतो, एवढे टिपून ठेवा. राग ठरवण्याची घाई करू नका. सबंध चित्रपटाला तीन-चार रागांची छाया पुरते, आणि प्रत्येक प्रसंगाला नवा राग घेतल्यास प्रेक्षक चित्रपट सोडून वादकाकडे पाहू लागतात.

संगीत नाटकातील साथ आणि ही साथ यांत एक मोठा फरक आहे. नाटकात गाणारा नट आपल्यासाठी क्षणभर थांबतो आणि ‘वन्स मोअर’ मिळाला तर पद पुन्हा घेतो, पण चित्रपट कोणासाठीही थांबत नाही. विलंबित त्रितालात बांधलेली गत वाजवत असाल, तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येण्याच्या आतच दृश्य बदललेले असेल. म्हणून केव्हाही षड्जावर (‘सा’वर) येऊन मिटवता येतील अशा लहान स्वरवाक्यांचा साठा हाताशी ठेवा. ताल हवा तिथे दादरा किंवा केरवा यांसारखे लहान आवर्तनाचे ताल घ्या आणि उरलेल्या ठिकाणी तालाविना वाजवा. तबलजीला चित्रपट आधी दाखवलाच पाहिजे, केवळ आपल्या खुणेवर त्याला बसवू नका.

या चित्रपटाच्या आरंभी फाळके यांची कन्या मंदाकिनी वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, आणि त्यानंतर ती कृष्णाच्या रूपात दिसते. प्रत्येक भावाला वेगळा सूर देण्याचा मोह तिथे होईल, तो टाळावा. त्या लहान मुलीचा चेहरा स्वतःच इतके बोलतो की खाली एक स्थिर षड्ज-पंचम पुरेसा आहे. ती कृष्ण झाल्यावर पहिली धून येऊ द्या, म्हणजे रूपांतर कानांनाही कळेल. शेवटी पाण्याखालचे कालियाशी युद्ध आणि काठावरचा आकांत आलटून पालटून येतात. माझे मत विचाराल तर दर बदलाला वाजवणे बदलू नये. तबल्यावर युद्धाची लय अखंड ठेवावी आणि पेटीवर काठावरच्या माणसांची काळजी धरावी, म्हणजे दोन्ही ठिकाणे एकाच वेळी घडत आहेत हे प्रेक्षकाला जाणवते.

पाटी आली की आवाज उतरवा, कारण लहान मुलांना कोणीतरी ती वाचून दाखवत असते. काही ठिकाणी हात पूर्ण थांबवा. बसण्याची जागा अशी निवडा की मान न वळवता पडदा दिसेल, आणि पेटीवरील दिव्याचा उजेड पडद्यावर जाणार नाही, याची खात्री दिवसाउजेडी नव्हे, अंधारात करून घ्या.

शाळेत मी मुलांना जुने चित्रपट दाखवते. ज्या प्रसंगात पार्श्वसंगीत नसते, तिथे मुले चुळबुळ करतात आणि “आवाज गेला का?” असे विचारतात. संगीत नसलेला प्रसंग अपुरा असतो का?
— एक शिक्षिका, कसबा बावडा

मुलांचा प्रश्न प्रामाणिक आहे, कारण आज ती जे पाहतात त्यात संगीत क्षणभरही थांबत नाही. त्यांना ‘कुंकू’ (१९३७) मधील काही भाग दाखवावा. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेच नाही; गाणी आहेत, पण एरवी ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. वृद्ध नवऱ्याच्या घरातील भिंतीवरचे घड्याळ त्या शांततेत असे काही बोलू लागते की त्याचे सरलेले वय आणि त्याची तरुण बायको नीरा हिचे अडकलेले आयुष्य दोन्ही कानांवर आदळतात. त्याच वेळी सारंगी वाजली असती, तर आपण नीरेची कीव करून मोकळे झालो असतो. संगीत नसल्यामुळे तिच्या संतापाबरोबर बसून राहावे लागते. वर्गात एकच प्रयोग करा: असा एखादा प्रसंग आधी आहे तसा दाखवा, मग त्याच प्रसंगावर एखादी करुण धून लावून दाखवा, आणि मुलांना स्वतःच्या शब्दांत फरक लिहायला सांगा. उत्तर आपण सांगू नये.

मी स्थानिक कलाकारांच्या गाण्यांचे व्हिडिओ संपादित करतो. गाणे वेगवान वाटावे म्हणून प्रत्येक ठेक्यावर दृश्य बदलतो, तरी परिणाम साधत नाही.
— एक संकलक, मंगळवार पेठ

ठेका कानाला आधीच ऐकू येत असतो. डोळ्यालाही प्रत्येक वेळी तोच मिळाला, तर पुढे काय होणार हे प्रेक्षकाला कळून चुकते आणि त्याचे लक्ष सुटते. काही बदल ठेक्यावर करा, काही ओळ संपल्यावर श्वासाच्या जागी करा, आणि एखादे दृश्य दोन ओळी पुरेल इतके लांब ठेवा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे लय दृश्याच्या आतच शोधणे. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) मधील ऐरणीचे गाणे पुन्हा पाहावे. लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने त्याला चाल दिली आणि लोहाराच्या घणाचा आवाजच गाण्याचा ताल झाला. हात उचलला जातो, खाली येतो, आणि ताल पडद्यावर दिसतो. तिथे संकलकाला ठेका दाखवून द्यावा लागत नाही.

जुने चित्रपट दाखवताना परवानगी लागते का? ते सर्वांसाठी खुले असतात असे ऐकले आहे.
— एक कार्यकर्ता, शाहूपुरी

सगळेच खुले नसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे १९६० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. मात्र गीत आणि संगीत यांचा हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वतंत्रपणे चालतो, त्यामुळे चित्रपट खुला झाला तरी त्यातील गाणे खुले झालेले असेलच असे नाही. शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेकडून प्रत घेताना तिच्या अटी पाळाव्या लागतात. पत्रव्यवहार लवकर सुरू करावा आणि लेखी परवानगी हाती आल्याशिवाय पत्रिका छापू नये.

मैदानावर मोठा पडदा लावून चित्रपट दाखवला, तर मागे बसलेल्यांना गाणे ओठांच्या हालचालीनंतर ऐकू येते. दोष यंत्राचा असतो का?
— एक ध्वनितंत्रज्ञ, गांधीनगर

बहुधा नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि चित्रपटाची एक चौकट एका सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरती असते, म्हणजे दर चौदा मीटरला आवाज जवळजवळ एक चौकट मागे पडतो. सर्व ध्वनिक्षेपक पडद्यापाशी ठेवून शेवटची रांग पन्नास मीटरवर बसवली, तर तिथे साडेतीन चौकटींचा फरक पडतो आणि गाताना ओठ व सूर वेगळे झालेले दिसतात. शेवटची खुर्ची तीस मीटरच्या आत ठेवल्यास फरक दोन चौकटींच्या आसपास राहतो आणि तो बहुतेकांना जाणवत नाही. जागा त्याहून मोठी असेल तर सगळा आवाज एखादी चौकट अलीकडे घ्या, पण त्याहून अधिक नको. सूर ओठांच्या आधी आला तर पुढच्या रांगांना तो लगेच खटकतो, कारण दुरून येणारा आवाज उशिरा ऐकण्याची आपल्याला सवय असते, आधी ऐकण्याची नसते. मैदानाच्या मध्यावर जादा ध्वनिक्षेपक लावणार असाल, तर पुढच्या क्षेपकांचा आवाज तिथपर्यंत पोहोचायला जितका वेळ लागतो तितका विलंब त्यांना द्या, नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. ही तपासणी गाण्याच्या दृश्यावर करा, आणि स्वतः यंत्रापाशी न थांबता शेवटच्या रांगेत जाऊन बसा.