बारा-दहाचं मॉडेल: आधी चेसी, मग सुतार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी बावीस वर्षं टाटा १२१० ट्रक, म्हणजे आपली बारा-दहा, चालवली, दिवाळीनंतर त्यांची पंच्याहत्तरी आहे आणि त्यांना त्याच गाडीचं मॉडेल करून द्यायचंय. तयार किट कुठेच मिळेना म्हणून तुम्ही अमेरिकन पीटरबिल्ट ३५९ चं १:२५ चं किट मागवलंत. आता विचारताय की ह्यातून बारा-दहा निघेल का, आणि आपल्या गाड्यांची किटं का नसतात.

पहिल्याचं उत्तर: नाही निघणार. किट फोडू नका, तसंच ठेवा, पुढे कधीतरी पीटरबिल्ट म्हणूनच जोडा. मी स्वतः १९७८ साली बारा-दहावर किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा क्लीनर, म्हणून चढलो, पुढे सेकंडहँड स्वतःची घेतली, २००९ ला विकली. तरी माझ्या कपाटात दोन पीटरबिल्ट उभ्या आहेत, त्यामुळे तुमचा मोह मला कळतो. १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं निघालेली गाडी, ते लांब नाक, केबिनमागे दोन उभे सायलेन्सर. तिथल्या बऱ्याच राज्यांत ट्रेलरसकट एकूण लांबीवर बंधन असायचं, म्हणून चपट्या तोंडाच्या गाड्या जास्त खपायच्या. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने हमरस्त्यांवरचं ते बंधन काढलं आणि लांब नाकवाल्यांचे दिवस आले. पण तिच्या मागे दोन हाउसिंग, म्हणजे चाकांचे दोन आस, रिम २२.५ नाहीतर २४.५ इंची. आपली रिम २० इंची. नुसती चाकं तिची लावलीत तरी वडील लांबूनच म्हणतील, ही आपली नव्हे.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. पीटरबिल्ट फॅक्टरीतून केबिनसकट बाहेर पडायची. गिऱ्हाइकागणिक फरक असत, पण केबिन तीच. किटवाल्याने एक गाडी नीट मोजली की साचा तयार. आपली बारा-दहा फॅक्टरीतून अर्धीच निघायची. चेसी, इंजिन, चाकं आणि पुढचं थोबाड, म्हणजे काउल. त्याच्या मागे काही नाही. तुमच्या वयाच्या लोकांनीही हायवेवर अशा उघड्या चेसींची रांग पाहिली असेल: ड्रायव्हर लाकडी फळीवर नाहीतर खोक्यावर बसलेला, डोळ्याला गॉगल, तोंडाला मफलर, उन्हातान्हात हजार-हजार किलोमीटर. ती चेसी मालकाच्या गावी पोचली की बॉडीवाल्याकडे जायची आणि मग सुतार ठरवणार की केबिन किती उंच, खिडकी किती मोठी, टपाला कठडा कसा, मालाचा हौदा किती फुटी, फाळक्याला बिजागऱ्या किती. दोन बारा-दहा शेजारी उभ्या करा, थोबाडापासून मागे काही जुळायचं नाही. किट कशाचं काढणार? म्हणून तुम्ही 'टाटा १२१०' करायच्या भानगडीत पडू नका. वडिलांची गाडी करा, नंबरासकट. आणि कामाचा क्रमही तोच ठेवा: आधी चेसी पूर्ण, ती चाकांवर उभी राहिली की मगच सुतारकाम. मी पहिल्या वेळी केबिन आधी केली आणि ती चेसीवर दोन मिलिमीटर तिरकी बसली, आजही तशीच आहे.

साल ठरवायला घरातला फोटो शोधा. बहुतेक घरांत दसऱ्याचा एक तरी असतोच, फक्त त्यात झेंडूच्या माळांनी सगळी जाळी झाकलेली असते. तरी काही खुणा दिसतात. टेल्को (टाटाची गाड्यांची कंपनी) आणि जर्मन डाइमलर-बेन्झ यांचा करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला. जाळीवर तीन पात्यांचा तारा असेल तर गाडी त्या काळातली, त्यानंतर टाटाचा 'टी'. (तारा गेल्यावरही आमच्याकडे जुनी माणसं 'टाटा बेन्झ'च म्हणत राहिली.) दुसरी खूण कपाळावर. १९३९ च्या मोटार कायद्यात भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला 'पब्लिक कॅरिअर' म्हणत, १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि 'गुड्स कॅरिअर' आलं. नंबरही तेव्हाच बदलले. आधी एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं असत, नंतर एमएच-११, एमएच-०९ अशी मालिका आली. माझ्या पहिल्या मॉडेलवर मी कपाळावर 'पब्लिक कॅरिअर' आणि खाली नवा कोरा एमएच-११ रंगवला होता. एका जुन्या ड्रायव्हरने चहा पिता पिता दाखवून दिलं. नवी गाडी त्या दोन पाट्या घेऊन रस्त्यावर आलीच नसती.

१२१० ह्या आकड्याचा अर्थ वडिलांना ठाऊक असेल, तुम्हीही लक्षात ठेवा: मालासकट एकूण १२ टन आणि इंजिन १०० च्या घरातल्या घोड्यांचं. जर्मन पद्धत. पुढची सोळा-तेरा त्याच हिशोबाने. इंजिनाच्या नंबरातही गंमत आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास); ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर. आम्ही हे नंबर आयुष्यभर घोकले, अर्थ मला गाडी विकल्यावर कळला.

माप १:२४ घ्या, पट्टीवर हिशोब सोपा पडतो. ४२२५ मिलिमीटर व्हीलबेसची गाडी असेल तर पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यात १७६ मिलिमीटर येतील. नऊशे-वीसचा टायर खऱ्यात मीटरभर उंच, मॉडेलमध्ये ४२ मिलिमीटर. माझा हौदा १७ फुटी होता, तो २१६ मिलिमीटर झाला. बाकी मापांसाठी एखादी जिवंत गाडी गाठा. खेड्यापाड्यांत पाण्याच्या टँकरखाली अजून बारा-दहाच्या चेसी सापडतात. टेप घेऊन जा आणि ड्रायव्हरला आधी चहा पाजा, मग तो स्वतःच टेपचं दुसरं टोक धरतो. काउलचा फोटो अगदी समोरून, जाळीच्या उंचीवर बसून काढा. उभ्याने काढलेल्या फोटोवरून केलेलं थोबाड नेहमी कपाळमोठं होतं.

सामानाचं बोलू. चेसीच्या दोन लांब पट्ट्या आणि केबिन स्टायरीन प्लॅस्टिकच्या शीटची करा. हौद्याच्या फळ्यांना आइस्क्रीमच्या काड्या वापरायचा मोह सगळ्यांना होतो. काडी २ मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्यात ४८ मिलिमीटर. तशी फळी रेल्वेच्या रुळाखाली शोभेल. १ मिलिमीटरचं बाल्सा किंवा व्हेनिअर घ्या. ताडपत्रीला कापड नको, विण जाडजूड दिसते. टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून मालावर पसरा, वाळला की सुरकुत्या हुबेहूब येतात. रस्सा म्हणून गोधडी शिवायचा दोरा.

पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, मात्र वेळ घालवा, कारण गाडी उभी कशी राहते ते पाटे ठरवतात. लग्नपत्रिका साठवून ठेवा, जाड, गुळगुळीत कागदाच्या. तो साधारण अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे खऱ्यातला १२ मिलिमीटरचा पाटा. ३ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापायच्या, वरची सगळ्यात लांब, खाली एकेक आखूड, आणि पेन्सिलीवर गुंडाळून कमान द्यायची. (माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या पाट्यात मेहुण्याच्या लग्नाचा मुहूर्त आहे.) आता ठरवा, गाडी रिकामी की भरलेली. रिकामी असेल तर मागची कमान ताठ आणि बूड वर. भरलेली असेल तर पाटे जवळजवळ सरळ आणि टायर खाली किंचित फुगलेला. तळाला पॉलिश पेपरवर थोडा घासलात की तो भास होतो. बाजारातली महागडी मॉडेलंसुद्धा इथे फसतात: हौद्यात डोंगराएवढा माल आणि खाली पाटे नव्या नवरीसारखे कमानदार.

केबिनमध्ये एक गोष्ट विसरू नका. वडिलांची गाडी सेमी-फॉरवर्ड असेल तर अर्धं इंजिन केबिनच्या आत येतं आणि दोघांच्या मध्ये त्याचं झाकण. उन्हाळ्यात त्याच्या बाजूची पोटरी भाजून निघायची. थंडीत त्याच झाकणावर किन्नर गोधडी टाकून झोपायचा आणि आम्ही भाकरीचं फडकं त्यावर ठेवायचो, खंबाटकी चढून वर येईस्तोवर भाकरी कोमट. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीय, चांगलंच केलं. झाकणावर मी गोधडीच्या चिंधीचा तुकडा चिकटवलाय. मॉडेल हातात घेतलेला प्रत्येक जुना ड्रायव्हर आधी तिथेच बोट लावतो.

चढाचा विषय निघालाच म्हणून: हौद्याखाली साखळीला लाकडी उटी लटकवा. गुळाचा पूर्ण लोड घेऊन घाट चढताना पहिल्या गिअरमध्ये गाडी इतकी हळू चालायची की किन्नर ती उटी घेऊन मागच्या चाकासोबत पायी चालायचा. गाडी थांबली की ठोकळा चाकामागे. माझी पहिली दोन वर्षं त्या चाकाशेजारी गेली, म्हणून मॉडेलमध्ये मी सगळ्यात आधी उटी केली आणि ती उरलेल्या गाडीपेक्षा जास्त नीट झालीय.

रंगाबाबत माझं ऐका. दुसऱ्या मॉडेलला मी हौसेने गॅरेजमधल्या ओळखीच्या पेंटरकडून ड्युको मारून घेतला. त्याने सवयीने एनसी थिनर मिसळला आणि दहा मिनिटांत स्टायरीनची केबिन पापडासारखी वळली. चूक माझीच, मी त्याला प्लॅस्टिक कुठलं ते सांगितलं नव्हतं. अ‍ॅक्रिलिक रंग वापरा, दोन पातळ हात द्या. थर्माकोलचं काही असेल तर त्यावर स्प्रे तर मुळीच नको.

अक्षरं स्टिकरची छापू नका. कॉम्प्युटरचा फाँट लगेच ओळखू येतो. फाळक्यावरचं खरं अक्षर वीतभर असायचं, इथे ते ८-९ मिलिमीटर येतं. तीन शून्यांच्या ब्रशने एखादा पाटी रंगवणारा पेंटर सहज काढतो. माझ्या गावच्या म्हाताऱ्या पेंटरने चष्मा कपाळावर सरकवून, श्वास धरून 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं, 'ओके' मधोमध मोठं, सावलीसकट. २०१५ साली महाराष्ट्रात गाड्यांवर ते लिहायला बंदी आली, तेव्हापासून कोणी लिहायला सांगितलंच नाही म्हणाला. पैसे घेतले नाहीत, पण खाली कोपऱ्यात आपली सही ठोकली, अगदी पूर्वीसारखी.

आरसा, लिंबू-मिरची, काळे गोंडे ही शेवटची कामं, एका रविवारची. त्याच्याआधी एक करा. वडिलांना सरप्राइज द्यायचंय ते ठीक, पण गप्पांच्या ओघात हळूच विचारा की किन्नरच्या बाजूचा दरवाजा कशाने बांधलेला असायचा. जुन्या लाकडी केबिनचा तो दरवाजा कधी ना कधी खिळखिळा होतोच, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा: कोणी काथ्या, कोणी तार, आम्ही ट्यूबची पट्टी. ते उत्तर आणि दसऱ्याचा फोटो इथे टाका, मग काउलचा रंग कुठला घ्यायचा ते सांगतो.