पोस्टडॉकची जागा कशी शोधावी?

प्रश्न : शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्रबंध सादर केलाय, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) बाकी आहे. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदासाठी, परदेशातल्या बऱ्याच प्राध्यापकांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बहुधा सगळ्यांना एकच मजकूर गेला असावा. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होणारा, कुणालाही चालेल असा मेल सहसा पुढे वाचला जात नाही. प्रयोगशाळेच्या विषयांत ही जागा बहुतेकदा प्राध्यापकाच्या प्रकल्पनिधीतून निघते. म्हणून आधी निधी आहे का ते बघा : गटाच्या संकेतस्थळावर नवा प्रकल्प दिसतो, ताज्या पेपरच्या शेवटी आभारात निधी देणाऱ्या संस्थेचं नाव असतं.

मग दीडशे-दोनशे शब्द पुरेत. त्यांच्या कोणत्या पेपरमधला कोणता प्रश्न पुढे न्यायचाय, त्यासाठी तुमच्या हातात कोणतं तंत्र आहे, कधी रुजू व्हाल. 'एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) येतं' एवढं लिहून भागत नाही. नमुना फक्त मशीनवर दिला की रीटवेल्ड रिफाइनमेंट, म्हणजे त्या मोजणीवरून रचना नेमकी काढण्याचं गणितही स्वतः केलं, हे सांगा. सोबत दोन पानी सीव्ही. दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, मग तिथे थांबा.

शिफारसपत्रांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. मजकूर उमेदवाराचा आणि सही गाईडची, अशी तीन पत्रं शेजारी ठेवली की भाषा एकच असल्याचं लगेच कळतं. गाईडसरांना तुमच्या कामाचे पाच मुद्दे द्या, पत्र त्यांनाच लिहू द्या.

स्वतःची फेलोशिप आणणाऱ्याला निधी नसलेली प्रयोगशाळाही दार उघडते. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला वर्षभर केव्हाही अर्ज चालतो. पीएचडीला ४ वर्षांहून जास्त झालेली नसावीत. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात संपते, त्याआधी व्हायव्हा झालेला हवा. शिवाय मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही जिथे जायचंय त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावं. दोन्हींसाठी यजमान प्राध्यापकाचा होकार आधी लागतो.

प्रश्न : माझी पीएचडी गणितात, धाकट्या बहिणीची इतिहासात. आम्हालाही हेच लागू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. गणितात अमेरिकेतल्या जागांचे अर्ज 'मॅथजॉब्स' या संकेतस्थळावर एकत्र भरतात. पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच्या जागांची मुदत बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात संपते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी पत्र देणाऱ्यांना गाठा.

बहिणीने 'एच-नेट' या संकेतस्थळावरच्या जाहिराती आणि आयसीएचआरची (भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची) पोस्टडॉक फेलोशिप पाहावी. इतिहासात निवड मुख्यतः नव्या प्रकल्पाच्या आराखड्यावर होते. तिथे प्रबंधाचाच सारांश दिला तर अर्ज बाद होतो. प्रबंध जिथे संपला त्याच्या पुढचा प्रश्न हवा. समजा, प्रबंध १८४८ साली खालसा झालेल्या सातारा राज्यावर असेल, तर खालसा झाल्यावर इनामदारांचं काय झालं हा नवा प्रकल्प होऊ शकतो. कोणत्या दप्तरातले कोणते रुमाल (जुन्या कागदांची गाठोडी) पाहणार, तेही लिहावं. आणि मोडी सफाईने वाचता येत असेल, तर ते पहिल्याच परिच्छेदात यावं.