‘ब्रेकअवे’ला मराठीत काय म्हणायचं?

नाशिकच्या एका सायकलवेड्या वाचकांचा प्रश्न आला आहे. आपल्या गटातल्या शाळकरी मुलांसाठी ते ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉकच्या, फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटावरच्या विजयाबद्दल मराठीत टिपण लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडले. ‘पिडकॉकने ब्रेकअवेमधून टप्पा जिंकला’ हे त्यांना खटकतंय. (ब्रेकअवे म्हणजे शर्यतीत मुख्य जथ्यातून सुटून पुढे निघून जाणं.) ‘आघाडी’, ‘मुसंडी’, ‘पळून जाणं’ यांतलं काय चालेल, की इंग्रजी शब्दच ठेवावा? शिवाय ‘टप्पा मारला’ असं लिहिलं तर शोभेल का, हेही त्यांनी विचारलंय.

आधी घडलं काय ते पाहू, कारण शब्द त्यावरच तोलायचा आहे. 14 जुलै 2022. टूर द फ्रान्स या रोज एक टप्पा अशा चालणाऱ्या सायकल शर्यतीचा बारावा टप्पा, ब्रियाँसाँहून आल्प द्युएझपर्यंत, सुमारे 165 किलोमीटर. पिडकॉक 22 वर्षांचा, त्याची ही पहिलीच टूर. काही सायकलपटू आधीच पुढे निघून गेले होते. गालिबिए घाटाच्या उतारावर पिडकॉकने मुख्य जथा सोडला, वाटेत ख्रिस फ्रूमची सोबत मिळाली आणि दोघांनी पुढच्यांना गाठलं. मग आल्प द्युएझच्या 21 वळणांच्या चढावर त्याने सोबत्यांनाही मागे टाकलं आणि 48 सेकंदांच्या फरकाने तो पहिला आला.

आता ‘आघाडी’ का नको ते इथेच दिसतं. त्या दिवशी पिवळी जर्सी योनास विंगेगोर या दुसऱ्या सायकलपटूच्या अंगावर होती, म्हणजे सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत आघाडी त्याची. रस्त्यावर मात्र पुढे पिडकॉक. विंगेगोर तीन मिनिटांहून जास्त उशिरा पोचला, तरी आघाडी त्याचीच राहिली. ‘पिडकॉकने आघाडी घेतली’ असं लिहिलं की नवखा वाचक हमखास गोंधळणार. ‘मुसंडी’ला जोर आहे, पण तिची दिशा उलटी. डोकं खाली घालून गर्दीत घुसायचं ती मुसंडी. इथे गर्दीतून बाहेर पडायचं आहे. आणि मुसंडी क्षणभराची असते. सायकलपटू मात्र शंभर-दीडशे किलोमीटर पुढे राहू शकतो.

‘पळून जाणं’ सहज सोडवत नाही, कारण युरोपातल्या भाषांनी नेमका हाच मार्ग धरलाय. फ्रेंचमध्ये या प्रकाराला ‘एशापे’ म्हणतात, म्हणजे निसटून गेलेले. इटालियनमध्ये ‘फुगा’, म्हणजे पलायन. पण मराठीत ‘पळून गेला’ म्हटलं की एक तर रणातून पाठ फिरवलेली दिसते, नाही तर घरच्यांना न सांगता केलेलं लग्न. ‘पळ काढला’, ‘पळपुटा’ हे सगळं त्याच घरातलं. जो दिवसभर समोरचा वारा छातीवर घेतो त्याला पळपुट्याच्या शेजारी बसवणं मला तरी पटत नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलं की साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते; पुढे गेलेल्याने ही सवलत आपणहून सोडलेली असते.

‘निसटणं’ आणि ‘सुटणं’ यांना मात्र हा डाग नाही. उलट मराठी मनात त्यांची जागा मानाची आहे. 1666 साली शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, त्याला आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो, पलायन म्हणताना जीभ अडखळते. ‘हातावर तुरी देऊन निसटणं’ यात चातुर्याचं कौतुकच आहे, आणि ब्रेकअवेचा निम्मा खेळ चातुर्याचाच असतो: जथा बेसावध कधी आहे, कोणाला जाऊ देतील, कोणाचा पाठलाग करतील. म्हणून माझं मत ‘निसटणं’ला. फक्त एक जपा. ‘निसटता विजय’ लिहू नका. तो थोडक्यात मिळालेला विजय असतो. 2025 च्या टूरमध्ये सहाव्या टप्प्यावर बेन हीली शेवटचे सुमारे 42 किलोमीटर एकटा चालवत अडीच मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. तो निसटून मिळवलेला विजय होता, निसटता मुळीच नव्हता.

त्र्यंबक रोडवर रविवारी सकाळी गटाने सायकली निघतात, तिथे कान दिला तर क्रियापदं आयती मिळतात. अंजनेरीच्या अलीकडे चढ लागला की कोणी तरी पेडलवर उभा राहतो, दोन सायकलींचं अंतर पडतं, आणि मागून आवाज येतो, “सुटला रे तो, धर त्याला!” थोड्या वेळाने, “ग्रुप फुटला.” बोलणाऱ्याला शब्द शोधावा लागत नाही. गट फुटतो, एखादा सुटतो, मागचे त्याला गाठतात. अडचण होते ती नामाच्या हट्टामुळे. इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीतही नामच हवं असं नाही.

नाम हवंच असेल तर एकट्या सायकलपटूसाठी आपल्याकडे ‘एकांडा’ आहे, ‘एकांडा शिलेदार’मधला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. शेवटच्या चढावरचा पिडकॉक एकांडा झाला होता. अनेक जण मिळून पुढे गेले असतील तर ‘पुढचा गट’ पुरे, आणि पेलोटॉनला ‘मुख्य जथा’.

हे शब्द रुळले का नाहीत? मला वाटतं, आपल्याकडे सायकलिंगच्या बातम्या वेगळ्या वळणाने आल्या. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा इथे घराघरांत त्याची चर्चा झाली. पण ती सुमारे 4,800 किलोमीटरची, आळीपाळीने न थांबता चालवायची शर्यत. तिथे जथाच नसतो, मग त्यातून निसटणार कोण? त्या लेखनातून अंतर, झोप, चिकाटी यांची भाषा आली, डावपेचांची आली नाही. याउलट मुंबई–पुणे शर्यतीने बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला आणि तो लोकांच्या तोंडी बसला. शर्यत डोळ्यांसमोर असली की शब्द असे उगवतात.

‘टप्पा मारला’बद्दल: बोलताना खुशाल म्हणा, ‘मैदान मारलं’ची चाल त्याला आहेच. टिपणात ‘जिंकला’ ठेवा, कारण मुलं क्रिकेटवाली असणार आणि त्यांच्या कानात टप्पा म्हणजे आधी चेंडूचा. तुमचं पहिलं वाक्य मी असं लिहीन: ‘गालिबिएच्या उतारावर पिडकॉक जथ्यातून निसटला आणि आल्प द्युएझचा टप्पा त्याने एकट्याने जिंकला.’